बौद्ध व्हायचं आहे, पण आईला मागं सोडून नाही. सुरुवात कुठून करू?

कृष्णाकाठ_अमोल (वाळवा तालुका, जि. सांगली)

जयभीम, जय लहुजी सगळ्यांना.

मी वाळवा तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २६, डीएमएलटी करून मिरजेत एका लॅबमध्ये नोकरीला आहे. आम्ही मातंग. अण्णाभाऊंचं वाटेगाव आमच्याच तालुक्यात, त्यामुळं घरात दर्शनी भिंतीवर अण्णाभाऊ, शेजारी बाबासाहेब, आणि आतल्या खोलीत कोनाड्यात देव्हारा. मरीआई, खंडोबा आणि आजीनं जेजुरीहून आणलेले टाक.

लॅबमध्ये रात्रपाळीला काम कमी असतं. त्या वेळात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला घेतलं. आधी नुसतं कुतूहल होतं, पण गेलं वर्षभर डोक्यात दुसरं काही नाही. देवाला घाबरून, नवस बोलून जगायचं नाही, आपल्या वागण्याची जबाबदारी आपण घ्यायची, हे मला पटलंय. आता नुसतं पटून थांबायचं नाही, रीतसर दीक्षा घ्यायची आहे.

अडचणी सांगतो. दीक्षा नेमकी कुठं आणि कशी घेतात हे आमच्या वस्तीत कुणाला माहीत नाही. चुलते म्हणतात, "दाखला जाईल, पोराबाळांचं वाटोळं करशील." आईला २२ प्रतिज्ञा वाचून दाखवल्या तर तिसऱ्या प्रतिज्ञेलाच उठून आत गेली. जाताना म्हणाली, "तुला काय करायचं ते कर, पर माझ्या देवाला हात लावू नगंस." वडील जत्रेला हलगी वाजवतात, मलाही येते, चांगली येते. दीक्षा घेतल्यावर ती सोडायची का?

आणखी एक, जरा अवघड आहे बोलायला. गावात विहार आहे, पण तो दुसऱ्या वस्तीत. मी तिथं गेलो तर ते मला आपला म्हणतील का? आणि आमची भावकी मला काय म्हणेल?

कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

मिरज_जंक्शन

अमोल भाऊ, जयभीम. इतकं अवघड नाही ते. जवळच्या विहारात रविवारी सकाळी जा, बौद्धाचार्यांना, म्हणजे तिथले विधी करणाऱ्यांना भेट, सांग मला दीक्षा घ्यायची आहे. त्रिशरण, पंचशील, २२ प्रतिज्ञा. झालास बौद्ध. भारतीय बौद्ध महासभेची शाखा जिल्ह्यात, तालुक्यात आहे. ही बाबासाहेबांनी १९५५ ला स्थापन केलेली संस्था. त्यांच्याकडं दीक्षेची नोंद होते, प्रमाणपत्रही मिळतं. फी वगैरे काही नाही. कुणी मागितली तर उठून ये तिथनं.

निवृत्त_अव्वल_कारकून

कागदपत्रांचं मी सांगतो, हयात महसूल खात्यात गेली.

चुलत्यांना सांगा, दाखला जात नाही. अनुसूचित जातींचा आदेश १९५० चा. त्यात सुरुवातीला फक्त हिंदू धर्म होता, १९५६ साली शीख आले आणि १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्ध आले. म्हणजे अनुसूचित जातीतला माणूस बौद्ध झाला तरी अनुसूचित जातीतच राहतो. सवलती राहतात, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही राहतं. महाराष्ट्रानं तर नवबौद्धांना सवलती त्याच्या कितीतरी आधीपासून दिल्या होत्या. लोकांच्या मनातली भीती १९९० च्या आधीची आहे, तेव्हा केंद्राच्या नोकरीत खरोखर अडचण यायची. ती भीती अजून गावोगाव फिरते.

पण घाई करू नका. जात पडताळणी झाली नसेल तर ती आधी उरकून घ्या. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा बघतात. आजोबा-पणजोबांची नोंद तहसीलमध्ये गाव नमुना नंबर १४ ला, म्हणजे कोतवाल बुकात सापडते. मोडी लिपीत असेल तर वाचून घ्या. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' असेल तर तो खाडाखोड न करता तसाच जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. केंद्राच्या नोकरीला जायचं असेल तर दाखल्यावर मूळ जातीचा स्पष्ट उल्लेख लागतो, नुसतं 'बौद्ध' लिहून भागत नाही, हे अर्ज करताना सेतूतल्या पोराला बजावून सांगा.

धर्म बदलल्याची जाहिरात शासनाच्या राजपत्रात देता येते. दीक्षेचं प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची प्रत एका फायलीत लावून ठेवा. धर्मांतराचे नियम सरकार वेळोवेळी बदलतं, तेव्हा तारीख ठरवायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा वकिलाकडं आजचा नियम विचारून घ्या.

वडिलांच्या जमिनीचं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. हिंदू विवाह कायदा आणि हिंदू वारसा कायदा दोन्ही बौद्धांनाही लागू आहेत. वाटा कुठं जात नाही.

कराडची_उपासिका

अमोल, जयभीम.

मी कराडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता आमच्या विहारात रविवारची वंदना आणि वर्षावासातलं ग्रंथवाचन बघते. दीक्षा घ्यायला आलेल्या माणसांबरोबर बसून प्रतिज्ञांचा अर्थ लावणं हे माझ्याकडं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिरजेच्या दादांनी सांगितलेला विधी बरोबर आहे. सतरंजी अंथरलेली असते, टेबलावर पांढरं कापड, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, उदबत्ती, फुलं. तू पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. भन्तेजी किंवा बौद्धाचार्य पुढं म्हणतात, तू मागून म्हणायचं. बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. मग दुतियम्पि, मग ततियम्पि. पुढं पंचशील पालीत, आणि मग २२ प्रतिज्ञा आपल्या मराठीत. साधू, साधू, साधू. अर्ध्या तासात सगळं होतं.

पण "झालास बौद्ध" एवढ्यावर मी तुला सोडणार नाही. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि नागपूरला दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्या माणसानं वाचलं, तपासलं, लोकांशी वाद घातला. सगळ्यात वयोवृद्ध भिक्खू म्हणून कुशीनाराच्या चंद्रमणी महास्थवीरांना बोलावलं, त्यांच्याकडून स्वतः त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग उभं राहून समोरच्या लाखोंना स्वतः दीक्षा दिली. २२ प्रतिज्ञा त्यांनी स्वतः तयार केल्या, कारण लोक दीक्षा घेऊन घरी जातील आणि पुन्हा जुन्याच रस्त्याला लागतील याची त्यांना जाणीव होती. तुला एकवीस वर्षं थांब म्हणत नाही. एक वर्षावास थांब. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात ये, ग्रंथ ऐक, प्रश्न विचार. अशोक विजयादशमीला, म्हणजे दसऱ्याला, किंवा १४ ऑक्टोबरला दीक्षा घे. आम्ही कराडला असंच करतो.

या तीन महिन्यांत काय होतं सांगते. आमच्याकडं एक बाई यायच्या, हायस्कूलमध्ये शिपाई होत्या, नवरा वारलेला. पाच प्रतिज्ञा त्यांनी भराभर म्हटल्या. सहावी आली, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, तिथं थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, पितरं उपाशी राहिली तर?" त्यांना वेडं ठरवून पुढची प्रतिज्ञा म्हणायला लावणं सोपं होतं. आमचे बौद्धाचार्य शहाणे. म्हणाले, ताई, आज इथंच थांबू. पुढचं वर्षभर त्या येत राहिल्या. नवऱ्याच्या स्मृतिदिनाला विहारात वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, म्हणजे आपलं पुण्य त्याच्या नावे केलं, त्याच्या नावानं वस्तीतल्या पोरांना वह्या वाटल्या. त्यानंतर त्या स्वतःहून आल्या आणि सहावी प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणाल्या. मला ती दीक्षा आठवते तेव्हा अजून भरून येतं. जे सोडायचं त्याच्या जागी काय करायचं हे कळल्याशिवाय माणूस सोडत नाही, आणि आपण जबरदस्तीनं सोडायला लावू नये.

आता तुझी आई. तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीची, इतर कोणत्याही देवदेवतेला मानणार नाही, उपासना करणार नाही, अशी. ती ऐकून ती उठली याचं मला नवल वाटत नाही, जन्मभर तिनं त्या कोनाड्यापुढं दिवा लावलाय, तुझ्या आजारपणात तिथंच डोकं टेकलं असेल. पण बाळा, ती प्रतिज्ञा तू तुझ्यापुरती घेतोस. आईच्या वतीनं घ्यायचा तुला अधिकार नाही आणि तिच्या देव्हाऱ्याला हात लावायचाही नाही. तेराव्या प्रतिज्ञेत सर्व प्राणिमात्रांवर दया करायला सांगितलंय, त्यात आई येते की नाही? काही पोरं दीक्षा घेऊन येतात आणि त्याच दिवशी टाक नदीत नेऊन टाकतात. घरात मग सहा महिने कुणी कुणाशी बोलत नाही. असं करू नकोस.

याचा अर्थ ढिलाई नव्हे, हेही ऐकून ठेव. आईच्या आग्रहासाठी तू स्वतः आरती म्हणायची नाहीस, अभिषेकाला बसायचं नाहीस, लग्न ठरलं तर मुहूर्त काढायचा नाहीस. "आई, तू कर, मी इथं बसतो," एवढं म्हणायला धीर लागतो, भांडण लागत नाही. प्रतिज्ञा ओठानं म्हणून घरी सगळं पहिल्यासारखं चालवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यापेक्षा दीक्षा न घेता प्रामाणिकपणे विचार करत राहिलेला माणूस मला जवळचा वाटतो.

पंचशील रोजचं आहे. प्राणिहत्या नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, दारू नाही. शेवटचं आपल्या भागात सगळ्यात अवघड, वराती आणि मिरवणुका तूही बघतोस. मटण सोडावं लागतं का, हे सगळे विचारतात म्हणून सांगते: तशी सक्ती नाही. मात्र जीव मारणं, मारायला लावणं हे शीलाच्या विरुद्ध आहे. बाकी तुझ्या विवेकावर.

आणि विहाराचं जे विचारलंस, त्याचं उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन झालंय. शाक्य राजपुत्र भिक्खू व्हायला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर उपाली होता, त्यांचा न्हावी. राजपुत्रांनीच बुद्धांना विनवलं, याला आधी प्रव्रज्या, म्हणजे भिक्खूची दीक्षा द्या, म्हणजे तो आमच्यापेक्षा ज्येष्ठ होईल आणि आम्हाला त्याच्या पाया पडावं लागेल, आमचा शाक्यपणाचा गर्व जाईल. तसंच झालं. बुद्धांच्या नंतर राजगृहाला भिक्खूंची पहिली संगीती, म्हणजे सभा भरली तेव्हा विनयाचे, म्हणजे संघाच्या शिस्तीचे नियम सांगायला बसवला तो याच उपालीला. सुनीत हा रस्ते झाडणारा होता, तोही संघात आला. नागपूरला बाबासाहेबांबरोबर त्यांच्या पत्नी माईसाहेबांनीही दीक्षा घेतली, त्या जन्मानं ब्राह्मण. विहार कुठल्या वस्तीत बांधलाय याला काही अर्थ नाही. त्या दारातून तू आत आलास की विहार तुझा.

आळते_मार्गे

अमोल, माझं मत थोडं वेगळं आहे. दीक्षा, प्रमाणपत्र, राजपत्र याच्या आधी एकदा विपश्यना कर. सांगलीहून जवळ म्हणजे हातकणंगले तालुक्यात आळत्याला धम्मालय आहे. गोएंका गुरुजींच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर, इगतपुरीच्या धम्मगिरीला होतं तसंच. राहणं, जेवण, शिकवणं कशाचेच पैसे नाहीत, शेवटी ऐच्छिक दान. दहा दिवस मौन, मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा. तिथंही पंचशील पाळावंच लागतं, पण धर्म बदलायची गरज नाही. माझ्या शिबिरात पंढरीची वारी करणारेही होते. बुद्धांनी स्वतः अनुभवून बघा म्हटलंय. श्वास बघायला जात लागत नाही आणि आईचा देव्हाराही आड येत नाही.

कराडची_उपासिका

आळते मार्गे, मीही तिथं शिबिर केलंय आणि ध्यानाचं महत्त्व मला मान्य आहे. अमोलनं जरूर जावं. पण त्यानं विचारलंय ते मन शांत कसं करू हे नाही. त्याला आपलं माणूसपण जाहीरपणे सांगायचं आहे. नवव्या आणि दहाव्या प्रतिज्ञेत समता आहे, सगळी माणसं समान मानीन आणि समता स्थापन करायचा प्रयत्न करीन अशी. ते काम डोळे मिटून होत नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की कराडच्या पुढं मसूर लागतं. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून त्या स्टेशनावर उतरला, वडिलांकडं जायला. चांगले कपडे, डोक्याला टोप्या. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरला, गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी एकानं दुप्पट भाडं घेतलं आणि वर अट घातली की बैल पोरांनीच हाकायचे, तो चालत येणार. रात्री भाकरीची शिदोरी जवळ होती, पण पाणी कुणी दिलं नाही म्हणून पोरं उपाशी झोपली. त्या मुलानं पुढं जो धम्म निवडला त्यात समाज सुधारणं हे ध्यानाइतकंच मोठं आहे. मी मसूरला गाडी थांबली की खिडकीपाशी उठून उभी राहते. कुणी विचारलं तर सांगते का ते.

लहुजीचा_वारस (सातारा)

मी मातंग, दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली. मॅडम म्हणतात ते तत्त्व म्हणून शंभर टक्के खरं, पण पोराला व्यवहारही सांगायला पाहिजे.

भावकी आधी चिडवते, मग बोलवायची बंद होते. माझ्या चुलतभावानं लग्नपत्रिकेत माझं नाव घातलं नाही. ते मला अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते दुसरीकडचं. एका विहारात कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना एकानं विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही? म्हणजे कुणातले?" आणि उत्तर ऐकल्यावर बोलणं थांबलं. मुलीचं स्थळ बघताना तेच. धम्माचं नातं सांगणारे लोक सोयरिकीला आले की जुन्याच वह्या काढतात.

तरी मी परत फिरलो नाही. कारण मला धम्म कुणी दिला नव्हता, मी वाचून घेतला होता. अमोल, तुझंही तसंच आहे असं तुझ्या लिहिण्यावरनं दिसतंय. दोन गोष्टी कर. एकटा जाऊ नकोस, वस्तीतले दोघंचौघं मित्र तयार कर. आणि अण्णाभाऊंचा फोटो भिंतीवरनं काढू नकोस, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. बौद्ध व्हायला आपली माणसं पुसून टाकावी लागत नाहीत.

कराडची_उपासिका

दादा, तुमचं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि त्याची लाज आम्हाला वाटली पाहिजे. विहारात चहाच्या वेळी जात विचारणारा माणूस नववी प्रतिज्ञा मोडतो, मग त्याच्या आजोबांनी दीक्षा नागपूरला घेतलेली का असेना. आमच्याकडं हा विषय मी दर वर्षावासात काढते. सगळ्यांना आवडतं असं नाही.

कृष्णाकाठ_अमोल

सगळ्यांचे आभार. साहेबांचा मेसेज चुलत्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण कोतवाल बुकाचं विचारत होते. आमच्या घरात कुणाचीच पडताळणी झालेली नाही, ते आधी मार्गी लावतो.

लहुजीचा वारस काका, तुमचा नंबर नको, पण साताऱ्यात आलो तर तुम्हाला भेटायला आवडेल, इथंच निरोप टाकतो.

ताई, हलगीचं राहिलं. पुढच्या महिन्यात जत्रा आहे. आमच्या घराण्याकडं मान आहे वाजवायचा. पहाटे पालखी निघते तेव्हा आणि मरीआईपुढं बकरं पडतं तेव्हा. वडिलांचा गुडघा दुखतो, त्यांनी मला सांगून ठेवलंय. खरं सांगू, हलगी हातात घेतली की मला दुसरं काही सुचत नाही. जाळावर तापवायची, कातडं कडक होतं, मग पहिली टिपरी पडली की अख्खी वस्ती बाहेर येते. हे सोडायचं म्हटलं तर पोटात कालवाकालव होते.

कराडची_उपासिका

अमोल, हलगी सोडायची नाही. कुठल्याच प्रतिज्ञेत वाद्य सोड असं नाही.

प्रश्न हलगीचा नाही, मानाचा आहे. त्याला मान कोण म्हणतं ते बघ. वडिलांचा गुडघा दुखतो म्हणून उद्या गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला हा मान देतील का? देणार नाहीत, आणि दुसरं कुणी घेणारही नाही. जे काम जन्मानं गळ्यात पडतं आणि नाही म्हणायची सोय नसते, ते वेठ असतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याच्यासाठीच. महारांना गावकीची कामं वतन म्हणून चिकटलेली होती, जमिनीचा तुकडा होता, लोकांना त्याचा अभिमानही होता. बाबासाहेब सांगत होते की हा अभिमान तुम्हाला बांधून ठेवतो. त्यांच्याच लोकांना ते पटवताना त्यांना किती कष्ट पडले असतील याचा विचार कर.

म्हणून माझं मत असं. बकरं पडताना तू वाजवायचं नाहीस, हे पहिल्या शीलात स्पष्ट बसतं, तिथं मी पर्याय सांगणार नाही. पालखीपुढं वाजवणं ही उपासनेतली सेवा आहे, दीक्षेनंतर तेही नाही. अजून तू दीक्षा घेतलेली नाहीस, तेव्हा या जत्रेचा निर्णय तुझा आणि वडिलांचा. पण वडिलांना आधी सांग, आदल्या रात्री नको. पंचांना वडिलांनी तोंड द्यायचंय, त्यांना तयारीला वेळ मिळू दे. वडील स्वतः वाजवत राहिले तर त्यांना कमी लेखू नकोस, त्या हलगीनं तुला वाढवलंय.

आणि वाजव. १४ एप्रिलला वाजव, १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला वाजव, कुणी सुपारी देऊन, ठरलेले पैसे देऊन, मानानं बोलावलं तर तिथं वाजव. वस्तीतल्या पोरींना शिकव, आजवर कुणी शिकवलंय का? आमच्या कराडच्या धम्मरॅलीला बेंजो आणि डॉल्बी लावतात, मला तो गोंगाट सहन होत नाही. पुढच्या वेळी मी तुझं नाव सुचवणार आहे.

एक दिवस काढून आगाशिवला ये. जखिणवाडीच्या बाजूनं चढायचं. डोंगरात साठच्या वर लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने जिथं काढायचे ती दगडी बाकं, त्या खोल्या, चैत्यातला स्तूप, सगळं बघता येतं. दीक्षेला येणाऱ्या प्रत्येकाला मी तिथं नेते. हा धम्म नागपूरला नव्यानं सुरू झाला असं लोकांना वाटतं. आपल्या कृष्णाकाठी तो आधीपासून होता, आणि बाबासाहेबांनी तो परत आणला.

कृष्णाकाठ_अमोल

ताई, वडिलांशी आज रात्री बोलतो. विहाराचं विचारायचं होतं. लॅबला रविवारीच जास्त पेशंट असतात, सुट्टी मंगळवारी. मग वर्षावासात रविवारची वंदना मला जमणार नाही. आणि आईला एकदा आणलं तर चालेल का? ती आतमध्ये बसेल असं वाटत नाही, बाहेर पायरीवर बसेल.

कराडची_उपासिका

ग्रंथवाचन रोज संध्याकाळी असतं, सातला. मंगळवारी ये, मिरजेहून दुपारची गाडी सापडते. पौर्णिमा ज्या वारी येईल त्या दिवशी रजा टाकता आली तर बघ, त्या दिवशी उपोसथ, म्हणजे उपासकांचं व्रत असतं, आठ शीलं घेतो आम्ही. पांढरा शर्ट असला तर घाल, नसला तर आहे तो चालतो. वही आण, गाथा लिहून घ्यायला. ध्वनिमुद्रण ऐकून पाठ केल्या की उच्चार चुकतात.

आईला खुशाल आण. पायरीवर बसू दे, मी पण तिच्याशेजारी बसेन. देव्हाऱ्याचा विषय आमच्यातलं कुणी काढणार नाही, ती जबाबदारी माझी. तिला गुडघ्याचा त्रास असेल तर आधी कळव, खुर्ची बाहेर काढून ठेवते.